पहिला घाणा

आमच्या घरात देव एकच. हे मी सांगत नाही, माझे सासरे सावळाराम मास्तर सांगतात आणि दरवर्षी सांगतात. चोवीस डिसेंबरला दुपारी आमच्या अंथुर्ण्याच्या घरापुढं तीन दगडांवर मोठी कढई चढते. नाताळच्या करंज्या तळायला गल्लीतल्या बायका जमतात, आणि पहिली करंजी तेलात पडली की मास्तर उभे राहून भाषण सुरू करतात. विषय ठरलेला. त्यांच्या वडिलांनी बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी घरामागच्या लिंबाखालचा मरीआईचा दगड उचलला आणि विहिरीत टाकला. दगड केवढा होता, विहीर किती खोल होती, गाव कसं बघत राहिलं, सगळं तपशीलवार. मिशनच्या शाळेत तीस वर्षं शिकवल्यामुळं त्यांना थोडक्यात काही सांगताच येत नाही.

त्याच आठवड्यात मास्तरांच्या आईनं ओढ्यातून दुसरा दगड आणून त्याच लिंबाखाली मांडला, त्याला शेंदूर फासला, आणि तो अजून तिथंच आहे, हे मात्र भाषणात येत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा एकदा विचारलं होतं. मास्तर म्हणाले, “कोणीतरी ठेवला असेल. आपण तिकडे बघायचंच नाही.”

सासूबाईंना, म्हणजे अक्काबाईंना, ते भाषण बसून ऐकताना मी कधीच पाहिलं नाही. पहिली करंजी तेलातून निघाली की त्यांना नेमकं घरातून काहीतरी आणायचं असायचं. कधी फडकं, कधी परात. मला वाटायचं, बाई शहाणी आहे, कान किटले असतील बिचारीचे. कढई मात्र त्यांचीच. अडतीस वर्षं त्यांनी ती एकदाही चुकवली नाही. बहात्तरच्या दुष्काळात करंज्यांना काही नव्हतं तर रेशनवर आलेल्या मिलोच्या, त्या अमेरिकन ज्वारीच्या, लाल पिठाच्या पुऱ्या तळल्या, पण कढई चढवली. आणि त्यांचा एक नेम होता. गल्लीत त्या वर्षी ज्या घरावर संकट आलं असेल, पहिला घाणा त्या घरात जायचा, मग ते घर ख्रिस्ती असो, बौद्ध असो की धनगराचं. पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. जाण्याआधी माझा हात धरून म्हणाल्या, “ज्योत्स्ना, चोवीस तारीख चुकवू नगंस.” मी म्हणाले, नाही चुकवणार. त्यात काय एवढं, असं मला वाटलं होतं.

आणि त्याच डिसेंबरात गोवराची साथ आली.

मी गावच्या उपकेंद्रात नर्स आहे. साथ कळसकडून आली की शेळगावकडून, याचे कागद मी रोज भरत होते. गावाला कागदांची गरज नव्हती. गावाला ठाऊक होतं की आई आलीय. आई म्हणजे देवी, मरीआई. ती अंगात बसली की पोराला बाहेर काढायचं नाही, सुई लावायची नाही, दाराला लिंबाचा डहाळा बांधायचा आणि घरात तळण करायचं नाही, फोडणीसुद्धा नाही. तेल चरचरलं की आई कोपते. आठवड्यात आमच्या अख्ख्या गल्लीतून मोहरीचा वास गेला.

हिंदूंचं मी समजू शकते. त्यांची देवी आहे, त्यांनी पाळावी. पण शेजारचे गंगारामतात्या! छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेला माणूस, जयंतीला माझ्या सासऱ्यांपेक्षा लांब भाषण करणारा. त्यांच्या दोन्ही नातींना गोवर झाला आणि तात्यांच्या घरातली आमटी बिनफोडणीची झाली. मी तोंडावर विचारलं, तर म्हणाले, “शिस्टर, मला पित्त झालंय.” नाती आजारी आणि पित्त आजोबाला! मला हसू आवरेना. घरी येऊन मास्तरांना सांगितलं. तेही पोटभर हसले. मग जेवायला बसले आणि म्हणाले, “मला अलीकडे फोडणीचा ठसका लागतो. काही दिवस आपलं साधंच करत जा.” आदल्याच दिवशी आमच्या सुमितच्या कानामागं पुरळ दिसलं होतं. मी सून आहे, सासऱ्याला ठसका लागतो म्हटल्यावर काय बोलणार? मीही फोडणी बंद केली. म्हाताऱ्याचं ऐकावं म्हणून केली, असं मी मला सांगितलं.

सुमित सहा वर्षांचा. नवव्या महिन्यात त्याला लस मीच टोचली होती. शंभरात दहा-पंधरा पोरांना लस घेऊनही गोवर होतो, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. पण ते गावाला कसं सांगायचं, ते कोणी शिकवलं नव्हतं. नर्सबाईच्या स्वतःच्या पोरालाच आली, ही बातमी तासाभरात वेशीपर्यंत गेली. त्या दिवसापासून उपकेंद्रात पोर घेऊन एकही बाई आली नाही.

चोवीसला सकाळी मी समोरच्या म्हाळसामावशीकडं गेले. पन्नाशीची धनगर बाई, आवाज असा की एक हाळी दिली की ओढ्यापलीकडची शेरडं थांबतात. तिची नात प्रतीक्षा, वय वर्षं चार, सहा दिवस पडून होती. पुरळ मावळत आलं होतं पण ताप उतरत नव्हता. मी तिचं झबलं वर केलं. श्वासागणिक बरगड्यांखाली खड्डा पडत होता. घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला अठ्ठावन्न श्वास. चाळीसच्या वर गेले तरी धोका असतो.

“मावशी, छातीत कफ भरलाय. आत्ताच्या आत्ता बारामतीला न्यायला पायजे.”

“आई अंगात हाय. नऊ दिस झाल्याबिगर उंबरा वलांडायचा न्हाय.”

“नऊ दिवस पोरगी राहायची नाही.”

म्हाळसाचा मुलगा मानसिंग दारात उभा होता. ट्रॅक्टरवर जन्म काढलेला धिप्पाड गडी, पण आईपुढं त्याचा शब्द फुटेना. भिंतीकडं तोंड करून तो रडत होता. मला त्याचाही राग आला. स्वतःची पोरगी आहे, उचल आणि चाल लाग! पण नाही.

म्हाळसानं पोरीचं झबलं खाली ओढलं. मग म्हणाली, “टोचलं तरी तुझ्या पोराला आली का न्हाय?”

“आली.”

“मग तुझं मी कशापायी ऐकू? तू म्हनतीस आई-बिई काय नसतं. आज तुमची चोवीस तारीख हाय. पोरगं घरात पडलंय. हितं माझ्या डोळ्यांम्होरं कढई चढीव आन् तळून दाव. तुझ्या घरात तळण झालं तर माझी नात तुझ्या दवाखान्यात.”

मी म्हणाले, “तासाभरात तळते.” आणि तरातरा घरी आले. मला आनंदच झाला होता, खोटं कशाला बोलू. नाही तरी कढई चढवायचीच होती. सासूबाईंचा नेम, पोरीचा जीव आणि गावाच्या डोक्यातलं भूत, तिन्ही कामं एका घाण्यात होणार होती.

घरात पाऊल टाकलं आणि आमच्या एका देवाच्या घरातली गंमत सुरू झाली. नवरा, शांतवन, कारखान्यात टाइमकीपर आहे. आज नाताळची रजा घेऊन घरी होता. त्याला म्हटलं, कढई काढा. तो म्हणाला, “कढईला कल्हई नाहीये.” कढई लोखंडाची आहे. लोखंडाला कल्हई लावतात हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. मग म्हणाला, सरपण ओलं आहे. मग म्हणाला, “यंदा आईला जाऊन सहा महिनेच झालेत, लोक काय म्हणतील?” आईनं जाताना काय सांगितलं ते त्यानंही ऐकलं होतं. शेवटी म्हणाला, “उद्या तळू ना. सुमितला जरा उतार पडू दे.”

“का? सुमितच्या तापाचा आणि कढईचा काय संबंध आहे? सांगा ना.”

त्यानं जेवणाचा डबा काढला. डब्यात दुपारचा भात भरून शेतावर जाऊन येतो म्हणाला आणि मागच्या दारानं निघून गेला. आमचं शेत पुढच्या बाजूला आहे.

मास्तर खाटेवर पुस्तक उघडून बसले होते. मी म्हटलं, “आबा, तुम्ही तरी सांगा त्यांना.” मास्तर म्हणाले, “तळणे अवश्य तळावे. त्यात काही नाही. परंतु तेल प्रकृतीला...” आणि खोकले. घाबरले की मास्तरांची शुद्ध भाषा आणखी शुद्ध होते, आणि फारच घाबरले की एकदम सुटते. मी विचारलं, “तळायचं का नाही?” ते म्हणाले, “मला काय इचारतीस? तुझं पोरगं हाय.”

चाळीस वर्षं विहिरीत पडत असलेला दगड एका मिनिटात वर आला. मला इतका संताप आला की मी कोणाशी न बोलता करंज्यांच्या तयारीला लागले. सारण चार दिवसांपूर्वीच भाजून ठेवलं होतं. रवा-मैद्याचं पीठ मळलं, ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवलं, कढई एकटीनंच ओढत नेऊन दगडांवर चढवली आणि सुमितजवळ जाऊन बसले.

त्याचं अंग भट्टीसारखं तापलं होतं. डोळे लाल, ओठ सुकलेले. “आई, करंजी झाली?” म्हणाला आणि परत ग्लानीत गेला. चौथा दिवस. चौथ्या दिवशी ताप असतोच, हे मला माहीत होतं. श्वास मोजले, छाती साफ होती, हेही मी पाहिलं होतं. सगळं पुस्तकाप्रमाणं चाललं होतं. मी उठले, फडताळातलं दही काढलं आणि थोड्या गार भातात कालवलं.

सुमितसाठी कालवते आहे असं मला वाटत होतं. तेवढ्यात पुढं अंगणात मास्तरांचा आवाज चढला. बायका जमल्या होत्या आणि कढई अजून रिकामी असताना, पीठ अजून फडक्याखाली असताना मास्तरांनी भाषण सुरू केलं होतं. दगड, विहीर, गाव. म्हाताऱ्याला वेळकाळ काही नाही! सगळ्या गल्लीची तोंडं त्यांच्याकडं होती. मागचं दार उघडं होतं. मी दहीभाताची ताटली पदराखाली धरली, लिंबाखाली गेले, शेंदराच्या दगडापुढं ती ठेवली आणि हात जोडले. काय म्हणाले? “माझ्या पोराला सोड,” एवढंच म्हणाले. मग चोरासारखी इकडंतिकडं पाहिलं. कोणी नव्हतं. मी परत आले, पायावर पाणी घेतलं आणि करंज्या लाटायला बसले.

मला स्वतःची इतकी लाज वाटली की बाकी सगळ्यांचा राग दुप्पट झाला.

तेल तापलं. पिठाची गोळी टाकून पाहिली, ती लगेच वर आली. गल्लीतल्या बायका कुंपणापाशी उभ्या होत्या. कोणीही पुढं येऊन पोळपाटाला हात लावला नाही. एरवी पाच-पाच बायका लाटायला भांडतात. समोरच्या ओट्यावर म्हाळसा बसली होती आणि माझ्याकडं एकटक बघत होती. मी करंजी उचलली. हात कढईवर नेला आणि तो तिथंच राहिला. घरातून सुमित खोकला. मी भ्याले. दहा वर्षं गावाला हसणारी मी, हजारभर पोरांना लस टोचणारी मी, एका करंजीला भ्याले. समोरच्या घरातल्या त्या पोरीच्या बरगड्या आठवल्या नसत्या तर मी ती करंजी परत परातीत ठेवली असती.

मी सोडली. चर्र झालं. सगळ्या गल्लीत ऐकू गेलं.

काहीही झालं नाही. मी दुसरी सोडली, तिसरी सोडली. पाच करंज्यांचा पहिला घाणा काढला, तसाच गरम गरम थाळीत घेऊन समोर गेले आणि म्हाळसापुढं ठेवला. ती उठली. आत गेली आणि पोरीला घोंगडीत गुंडाळून बाहेर आली. “मान्या,” मुलाला म्हणाली, “रडत काय बसलाईस? जीप बघ जा.”

मानसिंग वडापची, भाड्यानं माणसं नेणारी जीप घेऊन आला. मी कढईखालची लाकडं ओढली आणि तशीच जीपमध्ये बसले. बारामतीच्या मोठ्या दवाखान्यात पोरीला तासाभरात ऑक्सिजन लागला, इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत थांबला असतात तर अवघड होतं. माझा नाताळ त्या वॉर्डात गेला. उपासना नाही, नवी साडी नाही, मागाहून गल्लीतल्या बायकांनी तळलेल्या आणि शांतवननं डब्यातून आणलेल्या करंज्या आम्ही खाटेच्या कडेला बसून खाल्ल्या. सुमितचा ताप उतरल्याचं त्यानंच सांगितलं. तिसऱ्या दिवशी प्रतीक्षा उठून बसली आणि तिनं करंजी मागितली.

मग काय, मी हवेतच होते! मेडिकल ऑफिसरांनी पाठ थोपटली. जानेवारीत इंदापूरला तालुक्यातल्या सगळ्या नर्सेसची बैठक झाली, तिथं मला उभं करून बोलायला लावलं. अंधश्रद्धा कशी मोडली, स्वतःच्या घरापासून सुरुवात कशी केली. मी वीस मिनिटं बोलले. कढई केवढी होती, तेल कसं तापलं होतं, गाव कसं बघत राहिलं. टाळ्या पडल्या. मला शाल आणि नारळ मिळाला. लिंबाचं झाड माझ्या भाषणात आलं नाही.

इंदापूरहून परतले त्याच संध्याकाळी म्हाळसा घरी आली. तिच्या हातात दोन भांडी होती, घासून लख्ख केलेली. एक स्टीलची ताटली आणि एक जेवणाच्या डब्याचं झाकण.

“तुमची ऱ्हायली व्हती माझ्याकडं,” ती म्हणाली. “लिंबाखालची.”

मी आवाज खाली आणला.

“तू बघितलंस?”

“मी तवा वट्यावर न्हवते, शिस्टर. तुमच्या मागं शेण गोळा करत व्हते. आदी तुझा नवरा आला, भात ठिवून पळाला. मग तू आलीस. मंग माझ्या जिवाला जरा बरं वाटलं.”

“म्हणजे?”

“म्हंजी काय? तू आईला निवद दावलास, मग तळलंस. इचारून तळलेलं तिला चालतं. न्हायतर मी नात उंबऱ्याभायेर काढली आसती व्हय?”

शाल अजून खांद्यावर होती.

म्हाळसानं ताटली उलटी करून मला दाखवली. मागं बारीक अक्षरांत नाव कोरलं होतं: अक्काबाई सावळाराम. फडताळात हाताला लागली ती मी उचलली होती, नाव मी पाहिलंच नव्हतं. “मला वाचाया येत न्हाय,” ती म्हणाली, “पर ताटली मी वळखते. अक्का दरवर्सी हीच आणायची. पहिली करंजी घालून. एक साल चुकवलं न्हाय तिनं.” आणि ती निघून गेली.

शांतवन बाहेरून आला, झाकण दिसलं तसा आनंदानं म्हणाला, “सापडलं का? महिना झाला शोधतोय.” मी झाकण त्याच्या हातात दिलं. तो झाकण घेऊन आत गेला.

मास्तर खाटेवर बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आता याचा हिशेब मी पुरता करणार होते. मी ताटली त्यांच्यापुढं धरली. “आबा, तुम्ही चाळीस वर्षं दगडाचं भाषण करत होतात आणि सासूबाई तुमच्या पाठीमागं त्याच दगडाला करंजी ठेवत होत्या. तुम्हाला पत्ताही नव्हता!”

मास्तरांनी ताटली हातात घेतली. नावावरून अंगठा फिरवला.

“ठावं व्हतं,” ते म्हणाले. शुद्ध भाषा कुठल्या कुठं गेली होती. “पयल्या सालापासनं ठावं व्हतं. गल्लीनं तिच्याकडं बघू न्हाय म्हनून तर मी हुबा ऱ्हायचो. ती मागनं परत येईस्तवर बोलत ऱ्हायचो. एखाद्या साली तिला येळ लागायचा, मग मी हीर आनखी खोल करायचो.”

ते भाषण ऐकून मी किती नाकं मुरडली होती, नवऱ्याला किती टोमणे मारले होते.

“पण यंदा तर त्या नव्हत्या,” मी म्हणाले. “यंदा तुम्ही कढई रिकामी असतानाच सुरू झालात.”

मास्तरांनी ताटली माझ्या हातात परत दिली.

“तुला दहीभात कालवताना मी बघितलं व्हतं,” ते म्हणाले.